श्वासाचाही हक्क असतो

रमजानच्या पहाटे काटेवाडीत सहेरीसाठी दिवे लागतात, तेव्हा शिवारात ऊसतोडीच्या बैलगाड्याही जुंपल्या जात असतात. गेली दोन-तीन वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे गळिताचा हंगाम उतरणीला लागताना येतो आहे. तोडून झालेल्या फडातले पाचट पेटवले जाते. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या धूळ उडवत जातात. बारामती-इंदापूर हा पालखी महामार्ग रुंद करताना उडालेली माती गावाने वर्षानुवर्षे पाहिली आहे. पहाटे गारवा आणि दुपारी चटका, असे हे दिवस. निरोगी माणसाला यातले फारसे काही जाणवत नाही. दमा असलेल्या माणसाला मात्र यातले काहीच चुकत नाही.

दमा सर्वांत जास्त छळतो तो पहाटेच. नेमकी तीच सहेरीची वेळ. अशा वेळी अनेक घरांत एकच चित्र दिसते. घरातली दादी उशीला टेकून बसलेली असते. छातीत घरघर चालू असते, एक वाक्य दोन दमांत पुरे होते. सून ताट वाढून विचारते, "अम्मी, आज रोजा राहू द्या ना." दादी मान हलवते आणि नियत करते. पंप उशीखाली असतो, पण तो घ्यायचा नाही असे तिने ठरवलेले असते. रोजा तुटेल, सवय लागेल, औषध अंगावर येईल, लोक काय म्हणतील, अशा चार भीती तिच्या मनात असतात. दम्यापेक्षा या चार भीतींनीच जास्त माणसे अंथरुणाला खिळवली आहेत.

रमजान हा संयमाचा महिना आहे, हे खरे. पण संयम म्हणजे शरीराशी वैर नव्हे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत अब्दुल्लाह बिन अम्र हे रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. पैगंबरांनी त्यांना थांबवले आणि समजावले की शरीराचाही माणसावर हक्क असतो, डोळ्यांचाही असतो आणि घरच्यांचाही असतो. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग नोंदलेला आहे. शरीराचा हक्क असेल, तर श्वासाचा हक्क त्यात सर्वांत आधी येतो. दमेकरी माणसाच्या बाबतीत तो हक्क पुरा करणे म्हणजे योग्य डॉक्टरकडून योग्य औषध घेणे आणि ते रोज घेणे.

'दमा' हा शब्दच फारसीतून मराठीत आला. 'दम' म्हणजे श्वास. आजारही जुना आहे आणि त्यावरचा विचारही जुना. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये अय्युबी घराण्याच्या दरबारी असलेल्या इब्न मैमून या ज्यू हकीमाने एका उमरावासाठी दम्यावर अरबीत एक ग्रंथ लिहिला. मोजके खावे, स्वच्छ हवेत राहावे, झोपेची शिस्त पाळावी असे त्यात सांगितले आहे. दमा एका फटक्यात पळवून लावणारी जादूची दवा नाही, हेही त्याने आपल्या श्रीमंत रुग्णाला स्पष्ट सांगितले. आठशे वर्षांपूर्वी एका हकीमाने उमरावाला जे सांगितले, ते आज ऐकून घ्यायची तयारी फार थोड्या घरांत आहे.

जादूच्या दवेचा शोध अजून चालूच आहे. मृग नक्षत्र लागले की हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात घालून दिले जाणारे दम्याचे औषध घ्यायला महाराष्ट्रातूनही माणसे जातात. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध वाटणारी ठिकाणे तर गावोगाव आहेत. त्यामागची श्रद्धा प्रामाणिक असेल, पण या उपायांनी दमा बरा झाल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. त्याहून घातक आहेत त्या बिननावाच्या पुड्या. पुडी घेतली की दोन दिवसांत धाप थांबते, भूक लागते, अंगावर तजेला येतो आणि माणूस पुडी देणाऱ्याचे गुण गातो. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड कुटून घातलेले असते. मग काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जे दादीला पंपातून नको होते, तेच तिने पुडीतून कितीतरी पटींनी घेतलेले असते.

ही पट समजून घेण्यासारखी आहे. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा एक फवारा साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅमचा असतो. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि मोठा अटॅक आला की दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसते, पण नुसत्या वजनाने पाहिले तरी त्या एका दिवसाच्या गोळ्या २०० मायक्रोग्रॅमच्या दोनशे फवाऱ्यांएवढ्या भरतात. शिवाय पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, गोळीतले सगळ्या अंगभर फिरते. पंप हा शेवटचा उपाय आहे असे गावात समजतात. खरे तर तो पहिला उपाय आहे. तो टाळत राहिले की शेवटी गोळी, इंजेक्शन आणि ऑक्सिजन यांची पाळी येते.

पंपाची सवय लागते, ही दुसरी भीती. चष्म्याची जशी सवय लागत नाही, तशी पंपाचीही लागत नाही. गरज असते म्हणून तो लागतो. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला कायम सूज असते. धूळ, धूर, थंडी, परागकण, सर्दी यांपैकी काहीही आले की त्या नळ्या आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. म्हणून पंप दोन कामांचे असतात. एक अटॅकच्या वेळी नळ्या मोकळ्या करणारा, साल्ब्युटामॉलसारख्या औषधाचा. तो काही मिनिटांत आराम देतो, पण सुजेला हात लावत नाही. दुसरा सूज कमी करणारा, कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा. त्याने लगेच काही वाटत नाही, पण तो रोज घेतला तर अटॅकच येईनासे होतात. गावात बहुतेकांकडे पहिलाच पंप असतो. धाप लागली की मारायचा आणि बरे वाटले की कपाटात ठेवायचा, अशी रीत असते. फडाला आग लागली की पाण्याची बादली ओतायची आणि आत धुमसणारे पाचट तसेच सोडायचे, अशातला हा प्रकार. नुसत्या मोकळे करणाऱ्या पंपावर दमा सांभाळू नये, असे दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे. सूज कमी करणारे औषध सोबत हवेच.

हे न झाल्याची किंमत देश मोजतो आहे. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या जगभरच्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात होतात. भारतातला दमा काही जगावेगळा नाही. इथला उपचार अपुरा आहे. देशातल्या अनेक शहरांत झालेल्या मोठ्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे हे कुणी सांगितलेलेच नव्हते. ज्यांचा त्रास गंभीर होता, त्यांच्यातही हे प्रमाण ७० टक्के होते.

कुणी का सांगितले नाही? इथे चूक एकट्या रुग्णाची नाही. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे एका माणसासाठी पाच मिनिटे असतात. 'दमा' हा शब्द उच्चारला की घरचे घाबरतात, म्हणून डॉक्टरही 'ॲलर्जीचा खोकला', 'बाळदमा, मोठेपणी जाईल' असे म्हणून वेळ मारून नेतात. पंप लिहून दिला की रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जातो, हा त्यांचा अनुभव असतो. मग एक इंजेक्शन, थोडी वाफ, चार दिवसांच्या गोळ्या. आराम पडतो आणि पुढच्या महिन्यात तोच फेरा. मुलगी लग्नाची असेल तर पंप ओढणीखाली लपतो. सासरी कळू नये म्हणून ती रोजचा पंप बंद करते आणि पहिल्याच मोठ्या अटॅकला सगळ्या गावाला कळते. लोक काय म्हणतील, या भीतीचा हिशेब असा शेवटी जीवावर येतो.

म्हणून डॉक्टरकडे जाताना काय मागायचे, हे रुग्णाला ठाऊक हवे. मला दमा आहे की नाही, हे स्पष्ट सांगा, असे विचारायला संकोच नको. यंत्रात जोरात फुंकून करायची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी करून घ्यावी. रोजचा पंप कोणता आणि अटॅकचा कोणता, हे कागदावर लिहून घ्यावे. पंप कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे, कारण महागड्या औषधाचा अर्धा भाग चुकीच्या ओढण्यामुळे जिभेवरच राहतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत मोजत रोखून धरायचा. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनी पंपाला स्पेसर लावावा. स्पेसर परवडत नसेल तर काय, याचेही उत्तर मिळालेले आहे. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला नीट भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच कामाला येतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉक्टरांनी मुलांवरच्या अभ्यासातून १९९९ मध्ये दाखवून दिले.

काटेवाडीकरांना यासाठी फार लांब जायला नको. दहा-बारा किलोमीटरवर बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दम्याचे दोन्ही प्रकारचे पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तिथे ते मागणे हा उपकार मागणे नव्हे.

आता उरते ती चौथी भीती, रोजा तुटण्याची. तिला उत्तर दिल्याशिवाय रमजानमध्ये दादीच्या हातात पंप येणार नाही.

आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा पुढच्या दिवसांत पुरा करावा, ही मुभा कुरआनने सूरह बकरामध्ये रोजाच्या हुकुमासोबतच दिली आहे. ती मागाहून कुणी शोधलेली पळवाट नाही. ज्याचा आजार कायमचा आहे आणि पुढेही रोजा शक्य नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा फिद्या आहे. रोजात पंप घेतला तर काय, यावर मात्र उलेमांमध्ये दोन मते आहेत. सौदी अरेबियातील शेख इब्ने बाज आणि शेख इब्ने उसैमीन यांच्या मते पंपाने रोजा तुटत नाही, कारण ते खाणे-पिणे नव्हे आणि औषध फुप्फुसाकडे जाते. भारतीय उपखंडातील बहुतेक हनफी मुफ्तींच्या मते औषधाचे कण घशातून आत जातात, म्हणून रोजा तुटतो आणि त्याची कजा नंतर करावी. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी राखून ठेवला. ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारून आपले मत पाळावे.

पण ज्या ठिकाणी दोन मते नाहीत, ती जागा लक्षात ठेवायची आहे. अटॅक आला, जीवाला धोका दिसू लागला, तर पंप लगेच घ्यायचा, यावर सगळे एक आहेत. फार तर एका रोजाची कजा करावी लागेल, आणि आजारपणामुळे सोडलेल्या रोजाचा कफ्फारा नसतो. गेलेला रोजा पुन्हा ठेवता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसू लागले असतील, पंप घेऊनही आराम टिकत नसेल, तर मगरीबच्या अजानची वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप द्यायचा आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला लावायची.

अटॅकची वेळ मुळात येऊ नये, याची सोयही रमजानच्या वेळापत्रकातच आहे. सूज कमी करणारा पंप बहुतेकांना दिवसातून दोनदा घ्यायचा असतो. एकदा सहेरी संपण्याआधी आणि एकदा इफ्तारनंतर, म्हणजे जवळपास बारा तासांचे अंतर आपोआप पडते. हा पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, नाहीतर घशाला बुरशी धरते. वुजूमध्ये चूळ भरली जातेच. वर्षभर ज्याला पंपाची आठवण राहत नाही, त्याला या महिन्यात दोन ठरलेल्या वेळा मिळतात. मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करायचा नाही. रमजान लागण्याआधी, आणि ते राहून गेले असेल तर आजच, डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा बसवून घ्यायच्या. रोजा ठेवावा की नाही, हेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचे. ज्याचा दमा आटोक्यात आहे, त्याला अनेकदा रोजा झेपतो. ज्याचा आटोक्यात नाही, त्याने आधी तो आटोक्यात आणायचा.

घरच्यांच्याही हातात बरेच आहे. इफ्तारच्या भज्यांची तळणी दादीच्या खाटेपासून लांब करता येते. एकदम पोट भरून जेवले की आम्लपित्त वर येते आणि रात्री धाप लागते, म्हणून खजूर-पाण्यानंतर थोडे थांबून जेवता येते. लोबान आणि उग्र अत्तर दमेकऱ्याला सोसत नाही, हे तरावीहला जाताना शेजारच्या नमाजीने लक्षात ठेवायला हवे. रात्री डासांसाठी कॉइल लावण्याऐवजी मच्छरदाणी लावावी. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. घरात कुणी बिडी ओढत नाही असे म्हणत दार लावून कॉइल पेटवायची, याला काय म्हणावे?

हे एकेका घराने केले तर एकेक घर सुटेल. सगळ्यांनी मिळून केले तर काय होते, याचे उदाहरण फिनलंडने घालून दिले. तिथे १९९४ पासून दहा वर्षे दम्याची राष्ट्रीय मोहीम चालली. कोणतेही जादूचे औषध शोधले गेले नाही. साधे डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार यांना दमा लवकर ओळखायला आणि रोजचा पंप वेळेत सुरू करायला शिकवले गेले. १९९३ मध्ये तिथल्या दमेकऱ्यांचे रुग्णालयातले दिवस वर्षाला १ लाख १० हजार होते. २००३ मध्ये ते ५१ हजारांवर आले.

फिनलंड श्रीमंत देश आहे, हे मान्य. पण सवय बदलणे काटेवाडीला नवे नाही. ग्रामस्वच्छता अभियानात या गावाने राज्यात नाव कमावले, ते घरोघरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय बदलली म्हणून. तेव्हाही लाज आडवी येत होती, तेव्हाही लोक काय म्हणतील हा प्रश्न होता. दरवर्षी आषाढात तुकोबारायांची पालखी आली की हेच गाव तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरते. पाहुण्याच्या पावलांची इतकी काळजी करणाऱ्या गावाला आपल्या माणसांच्या श्वासाची काळजी करणे जड नाही.

मशिदीत सहेरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता लागलेला असतो. त्याच्याशेजारी एका कागदावर अटॅकची लक्षणे आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लावायला खर्च येत नाही. जुम्याच्या बयानमध्ये दोन मिनिटे पंपावर बोलले गेले, तर जे डॉक्टरच्या सांगण्याने होत नाही ते इमामसाहेबांच्या सांगण्याने होईल. जकात आणि सदक्याचा हिशेब घालताना एखाद्या गरजू दमेकऱ्याच्या वर्षभराच्या पंपांचा विचार व्हावा. एका माणसाला वर्षभर श्वास घेता येणे, ही काही लहान मदत नाही. उसाच्या फडात तोडीला आलेली जी कुटुंबे पालावर चुलीच्या धुरात राहतात, त्यांच्या लेकरांचाही त्यात वाटा असावा. त्यांचा धर्म कोणता हे विचारायचे कारण नाही.

अल्लाह सर्वांचे रोजे कबूल करो आणि आजाऱ्यांना शिफा देवो. ही दुआ मागून झाली की घरातल्या दादीच्या उशीखालचा पंप काढून तिच्या हातात द्यावा, आणि तो तिने नीट ओढला की नाही, हे शेजारी बसून पाहावे.